बाळ आलं की उभे राहणारे सर

शेअर ऑटोत उभं राहता येत नाही. चेन्नईत वेलचेरीच्या रस्त्यावर ज्यांनी शेअर ऑटोने प्रवास केला आहे त्यांना हे सांगायला नको. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीतभर जागा उरते, तीही बुटका असेल तर. आमचे घरमालक त्यात एकदा उभे राहिले. एक बाई तान्हं मूल घेऊन चढली आणि सर ताडकन उठले. डोकं वरच्या लोखंडी दांडीवर आपटलं. ऑटोवाल्याला वाटलं, मागून कुणीतरी धडक दिली. त्याने ब्रेक मारला आणि सर त्या बाईच्या पिशवीवर बसले.

"बसा तात्ता, मला जागा आहे," बाई तमिळमध्ये म्हणाली. तात्ता म्हणजे आजोबा.

सर टेंगूळ चोळत माझ्याकडे वळले. "जागा द्याया उठलों नाहीं. मान द्याया उठलों."

मान त्या बाईला नव्हता, बाळाला होता. सरांचा नियमच तसा होता. तान्हं मूल खोलीत आलं की उभं राहायचं. मूल झोपलेलं असो, रडत असो, त्याने कपडे खराब केलेले असोत. मोठ्या माणसांसाठी ते सहसा उठत नसत. ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत तेव्हा एकदा समारंभाला मंत्री आले. सगळं सभागृह उभं राहिलं, सर बसून. प्राचार्यांनी नंतर कारण विचारलं, तर म्हणाले, "तो नवा कोठें? तिसऱ्यांदा आला हाय."

मी तेव्हा एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कॉस्टिंगला, म्हणजे खर्चाच्या हिशेबाला, होतो. नाशिकहून बदली झाली, बायकोला, सुनीताला, घेऊन आलो आणि घर शोधायला लागलो. तिथले घरमालक पहिला प्रश्न विचारत, मांसाहार करता का. दुसरा, पाणी किती वापरता. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून ठेवली होती. सरांनी दोन्ही विचारले नाहीत. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर त्यांनी तमिळ सोडलं आणि तंजावरच्या मराठीत विचारलं, "तुमच्याकडे कोणी येणार हाय काय?"

मला वाटलं, पाहुण्यांबद्दल विचारताहेत. म्हणालो, "आई-वडील येतील कधी तरी, पण फार दिवस राहत नाहीत."

"ते अगोदर येऊन गेलेले. नवीन कोणी?"

सुनीताच्या लक्षात आधी आलं. ती लाजली नाही, उलट हसली आणि म्हणाली, "अजून तरी ठरलं नाही, सर."

"सरी. ठरवा. घर दिलें."

त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली मामी म्हणायची, आतून ओरडल्या, "अहो, ॲडव्हान्सचें बोला अगोदर!" ते मग मामींनीच बोलून घेतलं.

त्यांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला वाटे, कुणीतरी जुना दस्तऐवज मोठ्याने वाचतंय आणि वाचणारा तमिळ आहे. "सरी" म्हणजे बरं, ठीक. हा शब्द ते इतक्या वेळा वापरत की माझी सुनीता नाशिकला फोनवरही "सरी, सरी" करू लागली. आमची मराठी त्यांना घाईची वाटे. "तुमी लोक शब्द अर्धे खातात," ते म्हणत. "पोट भरतें काय त्यानें?"

सर आयुष्यभर एक ग्रंथ लिहीत होते. विषय एकच. जगातल्या राज्यशास्त्राच्या मोठमोठ्या लोकांनी माणूस जन्माला येतो ही गोष्ट विचारातच घेतली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नळ गळतो हे सांगायला मी वर गेलो की नळ बाजूला राही आणि मला हा विषय ऐकावा लागे.

"पुस्तकें उघडून पाहा," ते म्हणत. "पहिल्या पानावर दाढीवालीं मोठीं माणसें जमतात, करार करतात, राज्य होतें. हीं कोठून आलीं? नारळाच्या झाडावरून पडलीं? कोणी त्यांची शी काढली, कोणी त्यांस चालाया शिकवलें, एक ओळ नाहीं!"

"सर, तो नळ—"

"मरणावर लिहितात. मरणाला भिऊन माणूस राजा करतो, मरणाला भिऊन देव करतो. अय्यो, मेलेला मत देतो काय?"

"काही ठिकाणी देतो," मी म्हणालो. हे त्यांना आवडलं. तेवढ्यापुरता नळही दुरुस्त झाला.

पण हा मुद्दा त्यांनी मला नीट समजावला तो शेअर ऑटोवरून, टेंगूळ आलं त्याच दिवशी. घरी येताना ते म्हणाले, "राज्य म्हणजे हेंच. जे अगोदर बसले, ते नवीन चढणाऱ्याकडे डोळे वटारतात. जागा नाहीं म्हणतात. तो कसाबसा बसतो. पुढचा स्टॉप आला कीं तोही डोळे वटारतो. अगोदर बसला, एवढीच त्याची लायकी. आणि जो नवीन येतो, तो काय करील हें कोणास ठाऊक नाहीं. ऑटोसुद्धां फिरवील. म्हणून सगळे त्याला भितात. मी उभा राहतों."

मी हिशेबी माणूस. मी म्हणालो, "सर, सगळेच उभे राहिले तर ऑटो चालणार कसा?"

"तुमास कळलें नाहीं," ते म्हणाले. ते बरोबर होतं.

नुसतं उभं राहून सर थांबत नसत. बाळाला ते स्वतःची ओळख करून देत. नवीन आलेल्याला इथे कोण आहे ते माहीत नसतं, तेव्हा आधीच्या रहिवाशांनी आपण होऊन सांगावं, हा साधा शिष्टाचार आहे, असं ते म्हणत. दोन्ही हात जोडून, जरा वाकून, ठरलेलं भाषण ते संथ लयीत म्हणत. मी इतक्यांदा ऐकलं आहे की अजून पाठ आहे.

"नमस्कार. मी," इथे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, "निवृत्त प्राध्यापक, राज्यशास्त्र. राहणार वेलचेरी, दुसरा मजला. तुमी नवीन आलांत. आमी अगोदर आलों, एवढाच आमचा मान. येथें पाणी एक दिवसाआड येतें. पावसाळ्यांत तळमजल्यांत न बोलावतां येतें. ती आमची चूक, तुमची नव्हे. एक राज्यघटना हाय. बरी हाय, वाचून पाहा. आमचीं जुनीं भांडणें तुमास लागू नाहींत. तुमास पाहिजे तें करा. सरी. बसतों."

आणि बसत.

आता यात घोटाळा असा झाला की गल्लीत मराठी कळणारे आम्ही दोघं आणि मामी. बाकी सगळ्यांनी काय पाहिलं? पांढरं धोतर, पिकलेले केस, जोडलेले हात आणि तान्ह्या मुलाच्या कानाशी कुठल्याशा प्राचीन भाषेत म्हटलेलं काहीतरी, दर वेळी अगदी तेच, एक अक्षर न चुकता. त्यांनी सरळ निष्कर्ष काढला. तंजावरच्या राजवाड्यातला मंत्र आहे. बाळाला दृष्ट लागत नाही, बाळ रात्री झोपतं.

हळूहळू बायका शुक्रवारी संध्याकाळी देवळातून परत येताना बाळांना घेऊन जिना चढू लागल्या. सरांना वाटलं, आपला विचार लोकांत रुजतोय. ते फार खुश होते. "पाहा," मला म्हणाले, "कॉलेजांत चाळीस वर्षें सांगितलें, एकाला कळलें नाहीं. या बायांस आपोआप कळलें." मामी माझ्याकडे बघून डोळ्यांनी गप्प बसा म्हणाल्या. मी गप्प बसलो. पाणी एक दिवसाआड येतं हे ऐकून एखादं बाळ खरंच शांत होई, हेही मी पाहिलं आहे.

आमची मुलगी झाली तेव्हा सर दवाखान्यात सगळ्यात आधी हजर. माझी सासू नाशिकहून बाळंतपणासाठी आली होती. परका म्हातारा बाळाला पाण्याच्या वेळा सांगतोय हे ऐकून तिने तिथल्या तिथे माझ्या बायकोला विचारलं, "हे बरे आहेत ना गं?"

पण त्यांची खरी जुंपली ती पाचव्या दिवशी. सासूबाईंनी पाचवी पुजली. पाट मांडला, दिवा लावला, आणि सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. पेन माझ्या कारखान्याचं, दिवाळीत फुकट वाटलेलं. सर तीर्थप्रसादाला खाली आले होते. त्यांनी विचारलं, "हें कशाला?"

सासूबाईंनी सविस्तर सांगितलं. सटवाई आज येते. बाळाच्या कपाळी जे व्हायचं ते लिहून जाते. तिचं लिहिलेलं कुणाला पुसता येत नाही.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग वाकले, पेन उचललं आणि खिशात घातलं.

"अहो! सटवाईचं पेन आहे ते!"

"ठाऊक हाय. कागद असूं दे. कागद कोरा, तें उत्तम."

"अहो पण ती लिहिणार कशाने?"

"तिला सांगा, नवीन बाई लिहाया शिकेपर्यंत थांब."

सासूबाईंनी दुसरं पेन आणलं. सरांनी तेही घेतलं असतं, पण मामींनी त्यांचं मनगट धरून त्यांना वर नेलं. सासूबाई परत जाईपर्यंत त्यांना 'तो पेनचोर' म्हणत. सर मात्र त्यानंतर ते पेन रोज सदऱ्याच्या खिशाला लावत, पदक लावावं तसं.

मंत्राची भानगड त्यांना कळली ती एका नारळामुळे. इस्त्रीवालीच्या सुनेने एका शुक्रवारी बाळासोबत ताट आणलं. विडा, नारळ, केळी. ताट सरांच्या पायाशी ठेवून ती नमस्काराला वाकली. सर दोन पावलं मागे सरले.

"हें काय?"

"दक्षिणा. तुमच्या मंत्राने मूल झोपायला लागलं, तात्ता."

त्या दिवशी सरांनी जिन्यात जमलेल्या सगळ्या बायकांना थांबवून आपलं भाषण शब्दाशब्दाने तमिळमध्ये सांगितलं. पाणी एक दिवसाआड. तळमजला. राज्यघटना. बायकांनी भक्तिभावाने ऐकलं. शेवटी एक म्हातारी बाकीच्यांना जे म्हणाली, ते मामींनी मला नंतर सांगितलं. "खरा अर्थ असा कुणी सांगतं होय? मोठे लोक असंच काहीतरी सांगून टाळतात."

सरांनी दार लावून घेतलं. शुक्रवार बंद. "सगळें आयुष्य भटजींविरुद्ध घालवलें," ते म्हणाले, "आणि त्यांनीं मला भटजी केला!" मी म्हणालो, लोक काहीही समजोत, तुम्ही मान तर बाळालाच देता. पण त्यांनी ऐकलं नाही. मुलं खाली रडत, बायका वर बघत, सर खिडकीचा पडदा ओढून ग्रंथ लिहीत.

त्याच आठवड्यात मामी खाली आमच्याकडे आल्या. आमच्या मुलीला मांडीवर घेतलं आणि एकाएकी रडू लागल्या. त्यांना एक मुलगी आहे हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता, बोलण्यात नाव नव्हतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, अण्णा नगरला राहत होती. सुनीताने हळूहळू सगळं काढून घेतलं.

मुलगी हुशार. सरांच्याच विभागातून एम.ए. झाली. सरांनी तिच्यासाठी पीएच.डी.चा विषय ठरवला, अर्थात जन्म. ग्रंथ त्यांच्याकडून पुरा झाला नाही तर तिने करायचा, हे ती शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं. तिने दोन प्रकरणं लिहिली आणि एके दिवशी रजिस्टर पद्धतीने लग्न करून आली. नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवत होता. पीएच.डी. सोडली आणि तीही तिथे बायकांना गाडी शिकवू लागली. सर म्हणाले, जात-पात मी मानत नाही, माझी हरकत अविचाराला आहे. निदान आधी सांगायचं होतं. आणि दार लावलं. चारेक वर्षं झाली त्याला.

"आतां तिला मुलगी झाली," मामी म्हणाल्या. "महिना होत आला. मी जाऊन पाहून आलें. यांस सांगितलें. हे बोलले, सरी. बस्स. गांवांतल्या सगळ्या पोरांपुढें उभे राहतात. आणि हें सुरू कोणापासून झालें, ठाऊक हाय? तिच्यापासूनच. तंजावरच्या दवाखान्यांत ती झाली आणि हे तिच्यापुढें हात जोडून उभे राहिले. नर्सनें बाहेर काढलें होतें."

मी कुणाच्या घरच्या गोष्टीत पडत नाही. सुनीता पडते. ती मुलीला कडेवर घेऊन तशीच वर गेली. मी मागून गेलो, कारण भाडेकरार माझ्या नावावर होता.

दार उघडताच बाळ पाहून सर सवयीने उठले. हात जोडले. सुनीता म्हणाली, "हिची ओळख झालीय, सर. बसा. मला एकच विचारायचंय. तुमच्या मुलीच्या नशिबात पीएच.डी. कुणी लिहिली होती?"

सरांनी जोडलेले हात खाली घेतले.

"माझ्या आईला तुम्ही पेन परत दिलं नाहीत. मला वाटलं, बरं झालं, आता कुणी लिहिणार नाही. पण सटवाईचं पेन तुमच्याच खिशात आहे की."

मी मनात नवीन घर शोधायला सुरुवात केली होती. सरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. मग ते तमिळमध्ये म्हणाले, "पोदुम." म्हणजे पुरे. हे सुनीताला होतं की स्वतःला, ते मला आजही सांगता येणार नाही. आम्ही खाली आलो.

पुढच्या शुक्रवारी दुपारीच मामींनी जिना झाडून पाण्याने धुतला. संध्याकाळी वरचं दार उघडं होतं. सर खुर्चीवर बसलेले, धोतर धुतलेलं, तोंड पडलेलं. बायकांना कसं कळलं कोण जाणे. बाळं आलीच. रांग लागली. मी दाराशी उभा होतो, सुनीता मुलीला घेऊन माझ्याजवळ.

रांगेत तिसरी होती ती आमच्या गल्लीतली नव्हती. चुडीदार, केस घट्ट बांधलेले, कडेवर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ. तिचे कान सरांसारखे बाहेर आलेले होते, तेवढ्यावरून मी ओळखलं. मामी तिला पुढे बोलवू लागल्या तर ती म्हणाली, "नको अम्मा. नंबर येऊं दे."

मागच्या बाईने तिला विचारलं, "कुठून आलात?"

"अण्णा नगरहून."

"इतक्या लांबून! बघा," बाई बाकीच्यांना म्हणाली, "मंत्राचं नाव कुठवर गेलंय."

सरांनी तिला पाहिलं होतं. पहिल्या बाळापुढे ते उभे राहिले आणि भाषण इतक्या घाईने म्हटलं की राज्यघटना तळमजल्यात गेली. दुसऱ्या बाळाला पाणी रोज येतं असं सांगितलं. मग बसले. हातांनी खुर्चीचे दांडे धरून ठेवले.

ती समोर आली. बाळ पुढे धरलं.

सर बसलेलेच. मी त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होतो. मामी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून. मला वाटलं, आता नाही उठत. मग ते उठले, खुर्चीच्या आधाराने, म्हातारा माणूस उठतो तसे. याआधी ते तसे कधी उठले नव्हते. हात जोडले.

"नमस्कार. मी..." पूर्ण नाव सांगितलं. "निवृत्त प्राध्यापक..." तिथे थांबले. पुन्हा सुरुवात केली. "मी, तुमचा आजोबा. निवृत्त. राहणार वेलचेरी. तुमी नवीन आलांत. आमी अगोदर आलों, एवढाच आमचा मान. पाणी एक दिवसाआड. पावसाळ्यांत तळमजल्यांत न बोलावतां येतें. ती आमची चूक, तुमची नव्हे." ते आणखी वाकले. "तुमची नव्हे. एक राज्यघटना हाय. बरी हाय. आमचीं जुनीं भांडणें..."

पुढे येईना. ओठ हलत होते. रोज म्हणणारा माणूस, आणि येईना.

"तुमास लागू नाहींत," मुलगी हळूच म्हणाली. परीक्षेत अडलेल्या मुलाला शेजारच्याने सांगावं तसं. "लागू नाहींत, अप्पा. पुढें."

"लागू नाहींत," सर म्हणाले. "पुढें काय?"

"तुमास पाहिजे तें करा."

"तुमास पाहिजे तें करा." ते बाळाला म्हणाले, पण बघत तिच्याकडे होते. "सरी."

'बसतों' म्हणायचं राहिलं. बसलेही नाहीत. बाळाने टॉवेलातून एक हात बाहेर काढला आणि त्यांच्या खिशातलं पेन धरून ओढलं. ते सुटून खाली पडलं. कुणी उचललं नाही. मामी आतून येऊन दोघांच्या मध्ये शिरल्या आणि मग तिघांचं मराठी आणि तमिळ असं एक झालं की मलाही काही कळेना.

रांगेतल्या बायका मात्र शांत उभ्या होत्या. आज मंत्र दोन आवाजांत झाला होता. मधे खंड पडला, डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा चढला. असा मंत्र त्यांनी कधी ऐकला नव्हता. पुढच्या शुक्रवारी रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत गेली आणि फाटकापाशी फुलं विकणारी एक बाई येऊन बसली. सरांनी त्यावरही काही म्हटलं नाही. फक्त मला म्हणाले, "तुमचा ऑटोचा हिशेब बरोबर होता. सगळे उभे राहिले तर चालत नाहीं. पण एकदां उभें राहून पाहावें."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले आणि सुनीताच्या हातात पेन दिलं. "तुमच्या आईस पाठवा. माफी सांगा."

"आता नको आहे तिला," सुनीता म्हणाली. "तुम्हीच वापरा. ग्रंथ लिहा."

"मी लिहाया बसलों होतों. रात्रीं नवीन प्रकरण सुरू केलें." त्यांनी पेनचं टोपण काढून तळहातावर रेघ ओढून दाखवली. काही उमटलं नाही. "यांत शाई नव्हती. पहिल्यापासून नव्हती."